दोघे आत, एक बाहेर

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

सोनई मागे पडली, मग ऊस मागे पडला, आणि कालव्याची शेवटची चारी ओलांडताच जमिनीने हिरवा रंग एकाएकी टाकून दिला. पुढे नुसता माळ. पिवळे गवत, मुरूम, मधूनच एखादी बाभूळ. खाजाभाईंच्या टेम्पोत मी पुढे बसलो होतो, मांडीवर कॅमेऱ्याची पेटी होती. 'मला आनंद झाला' असे विधान मी पुराव्यावाचून करत नाही. पुरावा असा की टेम्पोतून उतरताना गुडघ्याला हात लावायचे मी विसरलो.

आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवले आणि निवृत्तीनंतर वन्यजीवांचे छायाचित्रण हाती घेतले. दोन्हींची शिस्त एकच आहे: दिसते तेवढेच म्हणावे. खाजाभाई कांदा पिकवतात, टेम्पो चालवतात, आणि थोरल्या मुलासाठी बांधलेली खोली तो परगावी असल्याने रिकामी ठेवतात. ती त्यांनी मला दिली आहे. माझे नाव अमृत, आणि सगळे मला सर म्हणतात, हे कळताच ते म्हणाले, "अमृत सर? म्हंजी डायरेक्ट पंजाबच आला की वस्तीवर!" ही कोटी मी वर्गावर्गांतून ऐकलेली आहे. तरीही हसलो. त्यांच्या पत्नी जरीनाबी यांनी त्यांना तिथेच फटकारले, "पाव्हन्याला आदी पानी तरी द्या, मग पंजाब दाखवा."

केडगावचे घर आवरून झाले आहे. पत्नी गेल्यापासून ते मला मोठे पडत होते. तेवीस तारखेला, रविवारी, अश्विनी गाडी घेऊन थेट येथेच येईल आणि मला पुण्याला कायमचे नेईल. ती माझी एकुलती मुलगी. तिच्या घरी मला एक खोली आहे आणि त्या खोलीच्या दारावर नातीने खडूने 'आजोबा' असे लिहून ठेवले आहे, असे कळते. मी फारसा व्यक्त होणारा मनुष्य नाही. परंतु त्या दाराचा विचार माझ्या मनात वारंवार येतो, हे येथे नोंदवून ठेवतो.

सायंकाळी एक लहानशी रीत पाहिली. कांद्याच्या वाफ्यांतून बायका परतण्यापूर्वी जरीनाबी बांधावर उभ्या राहिल्या आणि एकेकीचे नाव घेऊन, "चल गं, घरी चल," अशी हाक त्यांनी दिली. शेवटी शेळीलाही दिली. सगळ्या समोरच उभ्या असताना हाक कशाला, असे मी विचारले. त्या म्हणाल्या की माळावरून उठताना नाव घेऊन बोलवावे, नाहीतर माणसातले काही मागे राहते. आणि जो येणार नसेल त्याचे नाव मात्र घेऊ नये. का, हे त्यांना ठाऊक नव्हते. इकडच्या सगळ्याच वस्त्यांवर असे करतात, एवढेच त्या सांगू शकल्या. समजूत रम्य आहे.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

पहाटे पहिली फेरी झाली. विहिरीजवळ गुरांना पाणी पाजण्याचा हाळ आहे. सिमेंटचे एक लांबट कुंड. उजाडताना तेथे हरणांचा कळप पाण्यावर येतो. कळपातील काळवीट नर वयस्क असून शिंगांना सुरेख पीळ आहेत. हाळापासून थोड्या अंतरावर खाजाभाईंनी कडब्याच्या पेंढ्या रचून माझ्यासाठी लपण केले आहे: एक माणूस बसेल, दुसरा जेमतेम मावेल, पुढे भिंगापुरती फट. सोय उत्तम, फल शून्य. आम्ही बांध ओलांडताच टिटवीने आभाळ डोक्यावर घेतले. कळप दूरच्या उतारावर थांबला, बराच वेळ लपणाकडे पाहत राहिला आणि पाणी न पिता परतला. आपल्यामुळे एखादा प्राणी तहानलेला परततो ही गोष्ट मला आवडली नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

छायाचित्रकारांत एक जुनी युक्ती आहे. लपणात दोघांनी उघडपणे शिरायचे आणि थोड्या वेळाने एकाने उघडपणे निघून जायचे. जनावराला मोजता येत नाही. माणूस आला आणि माणूस गेला, एवढेच त्याला कळते. म्हणून त्याच्या लेखी लपण रिकामे होते.

आज हे करून पाहिले. खाजाभाई माझ्याबरोबर आत आले, बिडीची तलफ दाबत बसले आणि मग चालते झाले. कळप मंगळवारपेक्षा पुढे आला, पण हाळापर्यंत आला नाही. माझा निष्कर्ष असा की हालचाल पटली, परंतु पुरती पटली नाही. कळप रोज या शेतांच्या कडेने चरतो. माणसे उठतात तेव्हा हाका होतात आणि हाकांनंतर माळ मोकळा होतो, हा क्रम त्याच्या अंगवळणी पडलेला आहे. आज ती हाक झाली नाही. तेव्हा उद्यापासून निघताना खाजाभाईंनी माझे नाव घेऊन मोठ्याने 'चला घरी' म्हणावे, असे मी सुचवले.

त्यांनी प्रथम थट्टेवारी नेले. "बोलवायचं, आन तुमी यायचं न्हाई? मंग अपमान कुनाचा, माजा का तुमचा?" मग म्हणाले की आमच्यात असे करत नाहीत. मी त्यांना युक्तिवाद मांडून दाखवला. हाक म्हणजे ध्वनी. ती ज्याच्या नावे दिली जाते त्याच्यावाचून इतर कोणालाही ती लागू होत नाही. ज्याला लागू होते तो मी, आणि न येण्याचे आपण दोघांनी आधीच ठरवले आहे. म्हणून हाकेने काहीही घडणार नाही. त्यांनी डोके खाजवले. "तुमच्याम्होरं बोलून कोन जिंकनार?" असे म्हणून ते कबूल झाले.

युक्तिवादात मला दोष आढळला नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

यश! खाजाभाई लपणातून बाहेर पडले आणि चांगल्या खणखणीत आवाजात त्यांनी हाक दिली, "चला अमृत सर, चला घरी!" त्यांची पावले विरतात न विरतात तोच कळप सरळ चालत हाळावर आला. कसलाही संशय नाही. काळविटाने मान खाली घातली, आणि पाण्यावरच्या वाफेतून त्याची शिंगे वर येत गेली. असे चित्र मला आजवर मिळाले नव्हते. सायंकाळी ते अश्विनीला पाठवले. तिने लिहिले, "बाबा, हे तुम्ही काढलंत?" माझ्याविषयी आश्चर्य वाटावे असे तिला फार दिवसांनी काही मिळाले असावे.

रविवार, ९ फेब्रुवारी

चित्रे उत्तरोत्तर चांगली येत आहेत. एक किरकोळ गोष्ट घडली. लपणातून परतलो तेव्हा ओसरीवर दोन कप रिकामे पडलेले होते. मी चहा मागितला. जरीनाबी म्हणाल्या, "आत्ता तर प्यायलात की सर, यांच्यासंगं बसून. आन आज साखर बी मागितली." मी साखर घेत नाही. खाजाभाई टेम्पो घेऊन सोनईला गेले होते, त्यामुळे त्यांना विचारता आले नाही. जरीनाबींना चूल, कोंबड्या आणि बायकांचे दळण एका वेळी सांभाळावे लागते. तेव्हा गफलत होणे संभवनीय आहे. दुसरा चहा त्यांनी न कुरकुरता दिला.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

लपणाच्या मागच्या बाजूस पेंढ्या सैल झाल्या आहेत. हाक झाल्यावर सहज तेथून मागे पाहिले. धुके होते. खाजाभाई बांधावरून चालले होते आणि त्यांच्या डाव्या बाजूस आणखी कोणीतरी चालत होते. खाजाभाई त्याच्याशी बोलत होते, हातवारे करून, एखादा किस्सा सांगावा तसे.

शेजारच्या वस्तीवरचा कोणी असू शकेल. कोणी पहाटे पिकाला पाणी धरायला निघालेला असू शकेल. तो मनुष्य डावा खांदा किंचित पाडून चालत होता. डावा खांदा पाडून चालणारी माणसे पुष्कळ असतात. मी त्यांपैकी एक आहे.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

आज काळवीट लपणापाशी आले आणि त्याने फटीतून आलेल्या भिंगाचा वास घेतला. त्याच्या श्वासाने काच धुरकटली. मी पूर्वी कधी न केलेली गोष्ट केली. उठलो आणि बाहेर आलो. कळपातले एकही हरीण पळाले नाही. कोणी मान वळवली नाही. मी त्यांच्यामधून हाळापर्यंत चालत गेलो. एक पाडस माझ्या पायांना घासून गेले. बाभळीखाली टिटवी बसली होती. मी तिच्याजवळून गेलो तरी ती ओरडली नाही.

वन्यजीवांचे चित्र काढणाऱ्या कोणाचीही याहून मोठी इच्छा नसेल. मग मी कॅमेरा का उचलला नाही, हे मला सांगता येत नाही. मी टाळ्या वाजवल्या. मग ओरडलो. ती पाणी पीत राहिली.

शनिवार, १५ फेब्रुवारी

स्वस्थता नाही. एका जागी बसवत नाही. वस्तीवरचा कुत्रा पहिल्या दिवशी माझ्यावर पिसाळल्यासारखा भुंकला होता; आज मी त्याच्या अंगावरून पाय टाकला तरी त्याचा कान हलला नाही.

अश्विनीला फोन केला. ती घाईत होती, पण तिच्या आवाजात एक मोकळेपणा होता. सकाळीच तर किती वेळ बोललो बाबा, असे ती म्हणाली. नातीला मी गोष्ट सांगितली म्हणे, लांडगा आणि शेळीची, आवाज काढून. शेवटी ती म्हणाली की मला असे हसताना तिने तिची आई गेल्यापासून ऐकले नव्हते, आणि तिला रडू आले. सकाळी त्या वेळी मी लपणात होतो आणि फोन खोलीत होता. हे मी तिला सांगितले नाही. का नाही, याचा विचार करतो आहे.

मला गोष्टी सांगता येत नाहीत.

सोमवार, १७ फेब्रुवारी

खाजाभाईंना रस्त्यातच गाठले. त्यांच्यापुढे उभा राहिलो, खांद्याला धरले, तेव्हा कुठे त्यांची नजर माझ्यावर ठरली, आणि तीही दूरचे माणूस ओळखावे तशी. मी त्यांना निक्षून सांगितले की उद्यापासून हाक द्यायची नाही. ते गोंधळले. मग हसले.

"हाक? ती तर कवाच सोडली सर. तुमी आता आपनहूनच माज्यासंगं निगता की."

मला तर ती आजही ऐकू आली होती. मी विचारले, आज परतताना मी काय बोललो. त्यांनी आनंदाने सांगितले. कांद्याच्या भावाविषयी बोललो, त्यांच्या गुडघ्याला तेल सुचवले, आणि जरीनाबींच्या भाकरीची तारीफ केली. "आदी तुमी लई कडक वाटायचा. आता घरच्यावानी झालात." हे बोलता बोलताच त्यांची नजर माझ्यावरून सरकली आणि ते पुढे चालू लागले. मी मागून हाका मारल्या.

युक्तिवादातील दोष सापडला. हाक ज्याच्या नावे दिली जाते त्याच्यावाचून कोणाला लागू होत नाही, असे मी म्हटले होते. ते सिद्ध केले नव्हते. गृहीत धरले होते. रोज पहाटे त्या माळावर माझे नाव पुकारले गेले, आणि मी रोज बसून राहिलो. नाव रिकामे होते. ते कोणीतरी घेतले.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

आज जायचे नव्हते. खोलीतच राहायचे ठरवून काल रात्री दाराला आतून कडी लावून झोपलो.

जाग लपणात आली. उजाडत होते. कडब्याचा वास, गुडघ्यावर कॅमेरा. मागच्या फटीतून पाहिले. ते दोघे बांधावरून वस्तीकडे चालले होते. या वेळी मला तो नीट दिसला. माझे जाकीट. माझी टोपी. बांध उतरताना त्याने खाजाभाईंना हाताचा आधार दिला. मी कधी दिला नव्हता.

बुधवार, १९

धावत गेलो. ओसरीवर तो पाठमोरा बसला होता, बशीत चहा ओतत होता. जरीनाबी काहीतरी सांगत होत्या आणि तो मान डोलवत होता. मी जरीनाबींच्या समोर उभा राहून म्हणालो की मी अमृत आहे, मला नावाने बोलवा, एकदाच, माळाकडे तोंड करून. एवढेच हवे आहे. त्यांनी माझ्यातून पलीकडे कोंबड्यांना दाणे टाकले.

भिंतीवर मूठ आपटली. आवाज झाला नाही, की झाला आणि कोणाला— ठाऊक नाही.

तो वळला नाही. चहा संपवला.

गुरुवार, २०

पुन्हा लपण. दरवेळी लपण. फोन त्याच्याकडे आहे.

आज लांडगा आला. मादी, कृश, थाने ओघळलेली. हाळावर पाणी प्यायली, मग सरळ आत आली आणि माझ्या पायांवर अंग टाकून झोपली. ऊब लागली. तिच्या दृष्टीने हे रिकामे आहे. रिकामी, वाऱ्यापासून आडोशाची जागा.

हात तिच्या पाठीवर ठेवला. कातडी थरथरली, माशी बसल्यावर थरथरते तशी.

एवढा पुरावा अजून शिल्लक आहे.

शुक्रवार

तो वाईट नाही, हेच— तो दुष्ट असता तर लढता आले असते. जरीनाबींच्या भाचीला इंग्रजी शिकवत होता. चुकली की हसत होता. मी तिथे असतो तर— पण मी तिथे होतो, हाच तर मुद्दा, मी तिथे अठरा दिवस— नाही. मोजणार नाही.

अश्विनीला त्याच्यात फरक दिसेल. तिला दिसलाच पाहिजे. बापाला लेक ओळखते. हे विधान सिद्ध आहे काय?

नाही.

शनिवार

उद्या. गाडीचे दार उघडेल तेव्हा आधी मी. माळ मला इथपर्यंत येऊ देतो, मग मागे ओढतो. पण गाडी एकदा कालव्यापलीकडे गेली की— कदाचित. चारी ओलांडली की जमीन बदलते. ती सीमा असेल. असे मानण्यास आधार नाही. तरी मानतो. पहिल्यांदाच आधारावाचून काही मानतो आहे.

त्या दारापर्यंत एकदा पोचलो की पुढचे पाहू.

रविवार, २३

गाडीत आहे. मागच्या आसनावर, तिच्या पिशवीशेजारी. अश्विनीने सामान ठेवायला दार उघडले आणि मी शिरलो. तिच्या ओढणीचा वास आला. बाळ, मी इथे आहे, असे म्हणालो. तिने आरसा पुसला.

बाहेर निरोप चालले आहेत. खाजाभाईंचे डोळे भरले आहेत. म्हणतात, "सर, पंजाब सुना करून चालला." तो त्यांना मिठी मारतो. अश्विनी पाहते आहे. तिच्या चेहऱ्यावर— मी तिला लहानपणी सुद्धा असे कधी—

तो पुढे बसला. पट्टा लावला. तिने विचारले, निघायचं ना बाबा? गाडी सुरू झाली. वस्ती संपली. हाळ गेला. लपण गेले. मी अजून आत आहे. कालव्याचा बांध दिसतो, त्यावरची झाडे. गाडी हलते म्हणून अक्षर असे. अजून आत आहे

थांबली. त्याने तिला थांबवले. चारीच्या अलीकडे. पलीकडे ऊस दिसतो, हिरवा

तो उतरला. फिरून माझ्या बाजूला आला. दार उघडले. माझ्याकडे पाहतो आहे. इतक्या दिवसांत माझ्याकडे पाहणारा हा पहिलाच. राग नाही त्याच्या डोळ्यांत. दार धरून उभा आहे, वडीलधाऱ्यासाठी धरावे तसे, अदबीने, थांबून

अश्विनी विचारते, काय झालं? तो म्हणतो, काही नाही गं, एक जण उतरायचा राहिलाय. ती हसते. थट्टा वाटली तिला. किती मोकळी हसते

मी उतरणार नाही. माझी लेक आहे. मी उतरणार नाही. पाय— पाय मला विचारत नाहीत— अश्विनी, मागे बघ, एकदा मागे— मी उतर